अँटेना फिरवायला दोघं लागतात

तात्यारावांनी टीव्ही घेतला तो बघायला नव्हे, ऐकायला. हे त्यांनी कुणाला सांगितलं असतं तर गावानं त्यांना वेड्यात काढलं असतं, म्हणून सांगितलं नाही. लोकांना वाटलं, पोरगा चिंचवडला कंपनीत लागला, कापूसही बरा पिकला, म्हाताऱ्याला हौस आली. देवगाव फाट्यावर एसटीच्या टपावरून खोकं उतरलं आणि बैलगाडीत कडब्यावर बसून गावात आलं, तेव्हा पारावरची माणसं उठून उभी राहिली. "तात्या, आता रोज सिनेमा बगा!" कुणीतरी म्हणालं. तात्याराव नुसते हसले. सिनेमाचं त्यांना काय पडलं होतं? त्यांना घरात माणसाचा आवाज हवा होता.

आवाज म्हणजे सगुणाबाईचा, त्यांच्या बायकोचा. तिच्या तोंडाला खळ म्हणून नव्हता. डोळा उघडला की ती बोलायला लागायची. चुलीतल्या ओल्या काटक्यांना शिव्या द्यायची, कोंबड्यांशी भांडायची, वाळत घातलेल्या धोतराला म्हणायची, "तू काय आज वाळत न्हाईस." तात्याराव जेवायला बसले की समोर बसून गावातल्या झाडून साऱ्या खबरा सांगायची आणि ते कावून म्हणायचे, "जरा गप बस की, घास उतरंना." मागच्या वर्षी ती गप बसली. ताप आला, सेलूच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथून ती काही परत बोलली नाही. तेव्हापासून तात्यारावांच्या घशाखाली घास खरोखरच उतरत नव्हता.

घरात आता दोघंच. एक ते आणि दुसरी त्यांची सून, सत्यशीला. मुलगा भुजंग चिंचवडला एका खोलीत पाच जणांबरोबर राहत होता, तिथं बायकोला नेऊन ठेवणार कुठं? तो सणासुदीला यायचा आणि आल्या पावली परतायचा. संध्याकाळच्या एसटीचा हॉर्न फाट्याकडून ऐकू आला की भाकरी थापताना सत्यशीलेचा हात जरा थांबायचा. मग पुन्हा थापायला लागायचा.

त्या घराची रीत अशी की सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही. ही रीत कुणी घातली ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. सगुणाबाई होती तोवर काही अडलं नाही. सुनेला काही सांगायचं असलं की ती सासूला सांगायची, आणि सासू त्यात पदरचं थोडं घालून तात्यारावांना सांगायची. सासू गेली आणि मधलं माणूसच नाहीसं झालं. आता दाराची कडी वाजली म्हणजे जेवण वाढलंय. बांगड्या किणकिणल्या म्हणजे चहा झालाय. गोडेतेल संपलं की रिकामी बाटली उंबऱ्यावर येऊन बसायची. एका छपराखाली दोन जीव असे राहत होते, की हे घर आहे की धर्मशाळा, असा परक्याला प्रश्न पडावा.

बरं, सत्यशीला काही मुकी नव्हती. जिंतूरकडची ती. विहिरीवर चार बायका भेटल्या की तिच्या जिभेला काय धार येते, ते शेजारची बायनाबाई सांगायची. पण तात्यारावांच्या कानावर ते कधी पडलं नाही, कारण घरी येताना ते अंगणाच्या तोंडाशी खाकरायचे. पुरुषानं खाकरून यावं, म्हणजे आतल्या बाईमाणसाला पदर सावरायला सवड मिळते, हे त्यांच्या बापानं त्यांना शिकवलेलं. ते खाकरले की आतलं सगळं चिडीचूप.

एकदा ते खाकरायचं विसरले. गोठ्याजवळ आले, तर आत सत्यशीला कालवडीशी बोलत होती. "खा की वं. का तुला बी माहेर आठवायलंय?" तात्याराव तिथंच उभे राहिले. जरा घोगरा, वाक्याच्या शेवटाला हेल काढणारा आवाज होता तो. किती दिवसांनी त्यांच्या घरात कुणीतरी कुणाशी तरी बोलत होतं! त्यांचा जीव गलबलला. त्यानंतर दोन-चारदा ते मुद्दाम न खाकरता आले. एके दिवशी तिनं वळून पाहिलं आणि तिच्या हातातली बादली खाली पडली. म्हातारा सासरा भिंतीआड उभा राहून सुनेचं बोलणं ऐकतो! तात्यारावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. टीव्ही घ्यायचं त्यांनी ठरवलं ते त्याच दिवशी.

टीव्ही बसवायला सेलूचा चंद्रभान आला होता. रेडिओपासून मोटारीपर्यंत काहीही उघडून बसणारा हा गडी माळवदावर चढला, हाताची उन्हाला आड केली आणि परभणीच्या दिशेला बघून म्हणाला, "मनोरा लय लांब पडतोय, तात्या. पाइप उंच लागंल. अन् बुस्टर बी." उंच पाइप लागला, त्याच्या टोकाला अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्यांचा अँटेना लागला, तिथून चपटी वायर खाली माजघरात आली. संध्याकाळी चित्र उमटलं तेव्हा अर्धी आळी अंगणात होती. एक बाई बातम्या सांगत होती. तात्यारावांना त्या बातम्यांतलं फारसं काही कळलं नाही. पण बाई सरळ त्यांच्याकडं बघून बोलत होती, एवढं त्यांना पुरलं. स्वयंपाकघराच्या दाराआडून सत्यशीलाही बघत होती. तिचा अर्धा पदर तेवढा दिसत होता.

आठवडाभर घर बोलतं राहिलं. मग एका दुपारी वावटळ आली, फाट्याकडचा सगळा धुरळा घेऊन गावावरून गेली, आणि संध्याकाळी टीव्ही लावला तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. पांढऱ्या-काळ्या मुंग्या वळवळतायत आणि कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज. तात्यारावांनी बाहेर येऊन वर बघितलं. परभणीकडं तोंड केलेला अँटेना आता जिंतूरकडं तोंड करून उभा होता.

म्हणजे इलाज सोपा होता. वर जायचं, अँटेना पुन्हा परभणीकडं वळवायचा. ते शिडीनं माळवदावर चढले, पान्यानं पाइपाचा नट सैल करून तो जरा फिरवला, खाली उतरून टीव्ही बघितला. मुंग्या. पुन्हा चढले, अजून थोडा फिरवला, पुन्हा उतरले. मुंग्यांत आता माणसाच्या डोक्यासारखं काहीतरी हललं. हे हललं म्हणून तात्यारावांना हुरूप आला, ते पुन्हा चढले आणि त्या हुरुपात जास्तच फिरवलं. डोकंही गेलं. अंधार पडेपर्यंत त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले. सत्यशीला दारात उभी राहून सगळं बघत होती. तिला आत चित्र कधी आलं, कधी गेलं, सगळं दिसत होतं. पण वरच्या माणसाला ते सांगायचं कसं? हातानं खुणवावं तर टीव्ही आतल्या खोलीत, ती अंगणात येईपर्यंत चित्र निघून जायचं. ओरडावं तर ओरडायची सोय नाही.

चंद्रभानला निरोप धाडला. पण ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे होते. कधी मोर्चा, कधी बंद, कधी एसटी फाट्यावरूनच माघारी. तो आला तेव्हा टीव्हीवर धूळ साचली होती. त्यानं आधी वायर तपासली. वरच्या जोडाला हिरवा गंज चढला होता, तो तुकडा कापून त्यानं नवा जोड दिला. बुस्टर उघडून पाहिला, तो ठीक होता.

"आता राहिली दिशा," तो म्हणाला. "पन हे माझं काम न्हाई तात्या, हे तुमचंच. आपन पडलो मनोऱ्याच्या टप्प्याच्या पार कडंला. अँटेना बोटभर हलला की चित्र गेलं समजा. वारा सुटला की ह्यो हलनारच. मी काय दरखेपी सेलूवरनं येऊ? एकानं वर फिरवायचं, एकानं खाली टीव्हीजवळ बसून वरडायचं. आलं. गेलं. बस, दुसरं काय न्हाई."

"वरडनार कोन?" तात्यारावांनी विचारलं.

"म्हंजी? सूनबाई हायत की."

स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज आला आणि थांबला. तात्यारावांनी पानाची पिशवी काढली. चंद्रभान सेलूचा असला तरी याच मुलखातला होता. त्यानं कान खाजवला आणि विषय बदलला. त्या दिवशी तात्यारावांनी खाली बसून ओरडण्याचं काम केलं, त्यानं वर अँटेना बसवून दिला, आणि चहा पिऊन तो गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा वारा सुटला.

मग तात्यारावांनी बायनाबाईला बोलावलं. ती नात्यानं वहिनी लागत होती, तिला ओरडायला मुभा होती आणि तिचा आवाज दोन शेतं ओलांडून जायचा. बायनाबाई पदर खोचून टीव्हीसमोर बसली. तात्याराव वरून विचारायचे, "आलं का?" आणि बायनाबाई ओरडायची, "आलं, आलं!" ते धावत खाली आले तर मुंग्या.

"वैनी, ह्ये आलं व्हय?"

"काहीतरी आलंच की! हलायलंय बगा सगळं."

दुसऱ्या खेपेला मात्र खरंच चित्र आलं. एक मुलगी नाचत होती. बायनाबाई गालावर हात ठेवून बघत बसली आणि ओरडायचं साफ विसरली. वर तात्यारावांनी वाट बघितली, बघितली, आणि अँटेना पुढं फिरवला. "अगं माय! गेली की वं!" असा बायनाबाईचा आवाज आला तेव्हा त्यांना कळलं की मुलगी आली होती. दाराआड सत्यशीला हसली असावी. तात्यारावांना वर हसू ऐकू आलं नाही, पण बायनाबाईनं नंतर सांगितलं, "तुमची सून मला हसायली होती." त्यांना वाटलं, आपण उगाच वर होतो.

पुढची युक्ती सत्यशीलेचीच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती काशाची थाळी आणि लाटणं घेऊन आली, ती दोन्ही टीव्हीजवळ ठेवली आणि भिंतीकडं बघत थाळीवर एकदा लाटणं मारलं. ठण्ण. तात्यारावांना क्षणभर काही उमगलं नाही. मग एकदम उमगलं. चित्र आलं की थाळी वाजणार! "वा!" ते भिंतीलाच म्हणाले. "लय झ्याक!" इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या दोघांचं आपापसात काहीतरी ठरलं होतं, आणि शिडी चढताना त्यांचे गुडघे दुखले नाहीत.

ते अँटेना हळूहळू फिरवायला लागले. खालून काही नाही. अजून थोडा. काही नाही. अजून केसभर, आणि ठण्ण! त्यांनी हात थांबवला. ठण्ण, ठण्ण, ठण्ण! चित्र अगदी आरशासारखं आलं असणार. सत्यशीलेला थाळी वाजवायचा उत्साहच चढला. लाटणं थांबेना. तात्यारावांनाही थांबावंसं वाटेना. पाइप धरून ते वर उभे होते आणि त्या ठणठणाटात त्यांना सूनच बोलल्यासारखी वाटत होती.

पण आपल्याकडं थाळी कधी वाजते, हे त्या दोघांच्याही ध्यानात राहिलं नव्हतं. घरात मुलगा झाला की सुईण थाळी वाजवते, गावाला कळावं म्हणून. थाळी ऐकली आणि आळीतल्या बायका हातातलं काम टाकून निघाल्या. बायनाबाई साखरेची वाटी घेऊनच आली. पलीकडची गीताबाई धापा टाकत विचारायला लागली, "माय वं, कुनाला झाला? पोरगा हाय नव्हं?" अंगण बायकांनी भरलं. आत बघतात तर टीव्हीपुढं सत्यशीला, हातात लाटणं. कुणीतरी मागून म्हणालं, "नवरा तिकडं चिंचवडात, अन् थाळी इकडं वाजायली बाई!" आणि हशा पिकला. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. गावाला हसायला निमित्त लागतं आणि ते आयतं सापडलं होतं. पण लग्नाला सहा वर्षं होऊन जिच्या घरात थाळी वाजली नव्हती, तिच्या हातातलं लाटणं जागच्या जागी थांबलं.

तात्यारावांनी वरून सगळं ऐकलं. त्यांच्या हातातून पाइप सुटला. खाली बायकांचा हशा विरला तसा एकेकीचा पाय निघाला, बायनाबाई "ऱ्हाऊ दे गं, मी माझीच साखर खाते" म्हणत शेवटी गेली. ते उतरले तेव्हा थाळी पुन्हा फळीवर पालथी घातलेली होती आणि स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. रात्री कडी वाजली. ते जेवायला बसले. ताट नीट वाढलेलं होतं, भाकरी ऊन होती, सगळं जागच्या जागी होतं. चुलीच्या उजेडात तिचे सुजलेले डोळे त्यांना दिसले आणि त्यांनी मान खाली घातली.

टीव्हीवर चादर पडली. कडी, बांगडी, बाटली. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं, नव्हे, पहिल्याहून वाईट, कारण आता बांगड्याही दबकून वाजत होत्या. तात्याराव पारावर जाईनात, कुणी थाळीचा विषय काढील म्हणून. दिवसभर शेतात असले तरी मन घरात, आणि घरी आले की मन कुठंच नाही. सगुणा असती तर काय म्हणाली असती, असा ते विचार करायचे. ती आधी त्या बायकांना झोडून आली असती. मग सुनेला जवळ घेऊन बसली असती. मग त्यांना म्हणाली असती, 'तुमी काय दगड हाव का? पोर रडायलीय अन् तुमी भाकरी मोडायला बसला.' हे सगळं त्यांना तिच्याच आवाजात ऐकू यायचं आणि मग आवाज बंद व्हायचा. तो आवाज आता त्यांच्या डोक्यातसुद्धा पूर्वीसारखा स्वच्छ येत नव्हता. याचीच त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

एका संध्याकाळी कडी वाजली, ते पाटावर येऊन बसले, पण ताटाला हात लावला नाही. सत्यशीला चुलीकडं तोंड करून बसली होती. तात्याराव बोलायला लागले. भिंतीशी नाही, तिच्याशी.

"सूनबाई, ही असती तर तिला सांगितलं असतं. ती न्हाई, म्हनून तुलाच सांगायची येळ आली. त्या दिवशी तुला हसले ते मी वर ऐकलं. मी खाली यून एका शब्दानं कुनाला बोललो न्हाई. ती माझी चूक."

तिची पाठ ताठ झाली. तिनं पदर आणखी पुढं ओढला.

"मला टीव्हीचं काय बी न्हाई गं. मी तो घेतला, घरात कुनीतरी बोलावं म्हनून. सकाळी उठतो, दिवसभर राबतो, झोपतो, अन् घरात मला कुनी 'तात्या' म्हनत न्हाई, 'मामा' म्हनत न्हाई. घर खायला उठतंय, पोरी. तुझं बी तसंच असंल. तुझ्या जिवाला तर लयच. मधलं मानूस गेलं, आता आपन दोघंच हाव. त्या रितीनं आपलं काय भलं केलं? उद्यापास्नं मी खाकरनार न्हाई. तू बोलत असलीस तर बोलत ऱ्हा. अन् संध्याकाळी मी वर जानार हाय. तुला वाटलं तर वरड. न्हाई वाटलं, तर मी गुमान खाली यीन."

तव्यावरची भाकरी करपली, तिनं ती उलटली आणि आपल्या ताटात टाकली. तात्याराव जेवले, हात धुतला, बाहेर येऊन बाजेवर पडले. या वयात असं काही बोलून बसू, असं त्यांना वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते शेतातून लवकर परतले. अंगणाच्या तोंडाशी घशात सवयीनं खाकर आली, ती त्यांनी गिळली. आत सगळं शांत होतं. त्यांनी टीव्हीवरची चादर काढली, बटण दाबलं, मुंग्या सुरू झाल्या. सायकलच्या पिशवीतला पाना घेतला आणि ते शिडी चढले. पाइप फिरवायचा तर त्याच्या पट्टीचा नट सैल करावा लागे, तो त्यांनी सैल केला. शेजारच्या माळवदावर बायनाबाई वाळवण गोळा करत होती. तिनं विचारलं, "कुनाला बसवलंय खाली?" तात्यारावांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

त्यांनी पाइप थोडा फिरवला. "आलं का?" त्यांनी हाक दिली.

खालून काही नाही.

अजून थोडा. "आलं का?"

काही नाही. फक्त मुंग्यांची खरखर. बायनाबाई आता हात थांबवून इकडंच बघत होती. तात्यारावांना वाटलं, आपण मूर्ख आहोत. बापजाद्यांची रीत एका संध्याकाळच्या बोलण्यानं मोडते होय? बिचारीला आपण उगाच अडचणीत टाकलं. एकदा शेवटचं, म्हणून त्यांनी पाइप आणखी वळवला, थांबले, कानात प्राण आणून ऐकलं. काही नाही. जाऊ दे, असं म्हणून त्यांनी पाइपाला एक हिसका दिला.

"गेलं!"

तात्याराव दचकले.

"गेलं की मामा! आलतं! मागं फिरवा, मागं!"

घोगरा आवाज, शेवटाला हेल. गोठ्याआडून चोरून ऐकलेला, पण आता त्यांच्या नावानं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा. बायनाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तात्यारावांना पाइप मागं कुठं न्यायचा तेच कळेना.

"आलतं तर बोलली कामून न्हाईस?" ते ओरडले.

"तोंडातनं शब्दच फुटंना! तवर तुमी फिरवलं. अजून मागं. अजून. बस, बस, बस! आलं! हलवू नका आता!"

त्यांनी पाइपाला दोन्ही हातांनी मिठी मारली. संध्याकाळचा वारा होता, सैल पाइप हातात वळवळत होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"काय दिसायलंय?" त्यांनी विचारलं.

"शेतीचं सांगायलेत. एक मानूस हाय, कपाशीत उभा. पांढरा शुभ्र सदरा घातलाय, मामा, इस्त्रीचा! ह्याला काय कळनार कपाशीतलं?"

"काय म्हनायलाय?"

"औषध मारायचं म्हनायलाय. पानाच्या खालून. अन् एक आजोबा त्याला इचारायलेत, खालून मारायचं तर मी काय झोपू का." आणि ती हसली. मोकळं, खळखळून, मधेच श्वास लागला तरी न थांबता. तिला असं हसता येतं, हे त्या घराला सहा वर्षांत कळलं नव्हतं. तात्यारावही हसायला लागले, वर, एकटेच, पाइपाला धरून. बायनाबाई त्यांच्याकडं बघून तोंडाला पदर लावून खाली उतरली. उद्या हे गावभर होणार, हे त्यांना दिसत होतं. होऊ दे.

शेतीचं संपलं. मग कुणी पेटी वाजवणारा आला, तो कसा डोळे मिटून बसलाय ते तिनं सांगितलं. मग नाटक लागलं. कोण घरात आलं, कुणी कुणाचा चष्मा लपवला, सासू कशी ठसक्यात चालते, सगळं ती खालून सांगत होती आणि मधेमधे आपल्या पदरचेही चार शब्द घालत होती. आवाज सगुणाबाईसारखा मुळीच नव्हता. तरी तात्यारावांना वाटलं, हे ऐकायला सगुणा हवी होती. दिवस मावळून फाट्याकडच्या रस्त्यावर गाड्यांचे दिवे दिसायला लागले होते. पाना त्यांच्या खिशात होता. नटाला दोन वेढे दिले असते तर पाइप जागच्या जागी बसला असता, खाली येऊन टीव्हीसमोर बसता आलं असतं.

"मामा," खालून हाक आली, "नट आवळला का न्हाई? वर गारठा पडायलाय. या की खाली."

तात्यारावांनी खिशातला पाना चाचपला.

"न्हाई गं, आवळंना झालाय," ते म्हणाले. "तू सांग. चष्म्याचं पुढं काय झालं?"